पापशंकेची कैफियत

कॅथलिक पंथात पापनिवेदनाचा शिरस्ता फार जुना. परंतु १२१५ साली चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येक जाणत्या श्रद्धावंताने वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपुढे पापांची कबुली दिलीच पाहिजे असा दंडक घातला, आणि ज्या मनाची कशानेही खातरजमा होत नाही, त्याला आपले जुने दप्तर पुनःपुन्हा उलथेपालथे करण्यास धर्ममान्य निमित्त लाभले. आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो, त्याचे हे युरोपीय धार्मिक रूप.

त्याचा एक विलक्षण बारकाईचा वृत्तांत आहे तो इग्नेशियस लोयोलाचा. ज्याचा सोबती झेवियर १५४२ मध्ये गोव्यास उतरला, तोच हा जेझुइट संघाचा संस्थापक. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला हा बास्क सरदारपुत्र पुढल्या वर्षी माँटसेराटच्या मठात तीन दिवस खपून साऱ्या आयुष्याचे लेखी पापनिवेदन उरकून मानरेसास आला. आणि तेथे रोज सात तास प्रार्थना करीत असतानाही, अमुक पाप सांगावयाचे राहिले, तमुक सांगितले पण पुरतेपणी नव्हे, या विवंचनेने इतका जर्जर झाला की खोलीतल्या मोठ्या भगदाडातून देह लोटून द्यावा अशी ऊर्मी त्यास वारंवार येऊ लागली. गतकाळातले काही आता सांगू नये, अगदी स्पष्ट असेल तेवढेच सांगावे, अशी ताकीद धर्मगुरूने दिली. पण घोडे तेथेच अडले, कारण त्याला सगळेच स्पष्ट दिसत होते! ताकीद शहाणपणाची खरी, पण तीमधली सवलत नेमकी व्याधीच्या पथ्यावर पडली. आठवडाभराच्या कडकडीत उपासानेही जे साधले नाही, ते अखेर जुन्या पापांचा उच्चारच करावयाचा नाही या निश्चयाने साधले.

पुढे आपल्या साधनाग्रंथात त्याने काड्यांच्या क्रूसाचा दाखला दिला आहे. जमिनीवर योगायोगाने क्रूसाच्या आकारात पडलेल्या काड्यांवर पाय पडला आणि मनुष्याने आपण पाप केले असे ठरवून टाकले, तर तो केवळ चुकीचा निवाडा. पण पाप झाले असे वाटते आणि झाले नाही असेही वाटते, तरी चित्त अस्वस्थ राहते, ती खरी शंका. ही शंका काही काळ आत्म्यास हितकर असते, असेही तो म्हणतो; मानरेसाचे ते भगदाड आठवता हे मला पटत नाही.

एकोणिसाव्या शतकात ही कैफियत धर्मगुरूंकडून वैद्यांकडे आली. फ्रान्समध्ये तिला संशयाचे वेड म्हणू लागले. १९६६ मध्ये लंडनला मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयरने मंत्रचळाच्या रुग्णांना परिचारिकांच्या देखरेखीखाली धुण्यापुसण्याच्या आवर्तनांपासून परावृत्त केले, तेव्हा त्यांना उतार पडला. परंतु विचारांच्या बाजूने खरा उलगडा झाला तो १९७८ मध्ये. अभद्र, हिंसक, अपवित्र विचार निरोगी माणसांच्याही मनात डोकावतात, असे रॅकमन आणि डिसिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी दाखविले. आणि १९८५ मध्ये सॅल्कोव्हस्किसने मांडले की रुग्णाला छळतो तो नुसता विचार नव्हे, तर तो आला त्या अर्थी होणाऱ्या अनर्थाची आणि तो टाळण्याची जबाबदारी आपलीच, हा त्याने स्वतःविरुद्ध दिलेला निवाडा.