पेटीचे बारा स्वर

भाद्रपदात चिपळूण तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत जा. आरती आटोपली, की भजनाची बैठक पडते आणि पखवाजाशेजारी पेटी उघडली जाते. शाळेच्या प्रार्थनेलाही पुष्कळदा तीच असते. पेटी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती परमुलखातून आली हे सांगितले तर मुलांना खरे वाटत नाही. ती आली कशी, तिने शिकणाऱ्याला काय दिले, आणि खुद्द आकाशवाणीनेच तिला एकतीस वर्षे दाराबाहेर का ठेवले, हे गुरुजनांनी समजून घ्यावे असे आहे. कारण त्या जुन्या वादातच, पेटी कशी शिकावी याचे उत्तर दडलेले आहे.

पेटीची थोरली बहीण म्हणजे पियानो. १७०० च्या सुमारास इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने तो घडवला. पट्टी दाबली, की आत हातोडी तारेवर आपटते, सूर उमटतो आणि विरत जातो. पेटीत तार नसते. तिथे पितळेची जीभ वाऱ्याने थरथरते आणि वारा असेतो सूर टिकतो. पॅरिसच्या देबाँने १८४२ साली या वाद्याचे पेटंट घेतले. पट्ट्यांची मांडणी मात्र दोन्हीकडे एकच. एका सप्तकात पांढऱ्या सात आणि काळ्या पाच, मिळून बारा.

युरोपातली पेटी पायांनी भाता मारून, खुर्चीवर बसून वाजवीत. आपण तर मांडी घालून बसणारे लोक! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची, जमिनीवर ठेवण्याची पेटी तयार केली. तेव्हापासून डावा हात भात्यात गुंतला. पियानोचा विद्यार्थी दोन्ही हातांनी एकाच वेळी अनेक स्वर वाजवतो, आणि त्या स्वरांचे एकमेकांशी कसे जमते याचे शास्त्र शिकतो. आपल्या गाण्याला एकामागून एक येणारे स्वर हवेत, त्यामुळे आपले उजव्या हातावर भागले. पण बोटे पाच आणि स्वर सात, ही अडचण दोघांचीही सारखीच. अंगठा बोटांखालून अलगद पुढे न्यायचा आणि ओळ तुटू द्यायची नाही, हा पियानोवाल्याचा पहिला धडा पेटीवाल्यालाही उपयोगी पडतो.

आता एक मोठा फरक बघा. आपल्याच किनाऱ्यावर, थोडे दक्षिणेला, गोव्यात पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून मुलांना कागदावरचे स्वर वाचायला शिकवीत. तिथे शिकलेले वादक पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांत आणि सिनेमाच्या स्टुडिओंत मानाने बसले. आपल्याकडे विद्या होती गुरूच्या तोंडून. गुरू नाही त्या गावी गाणे नाही. ही कोंडी फोडण्यासाठी कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि स्वरलेखनाची पद्धत बसवली. मुंबईच्या विष्णु नारायण भातखंडे यांनी आपल्या पद्धतीने शेकडो चिजा लिहून, सहा भागांच्या क्रमिक पुस्तकांतून छापून काढल्या. छापील पुस्तक आणि पेटी, या दोघांनी मिळून गाणे लहान गावांपर्यंत नेले. पट्टी दाबली की सूर मिळतो. ज्याला गुरू नाही त्याच्या दृष्टीने ही केवढी सोय!

पण सोयीची किंमत असते, आणि वाद पेटला तो तिच्यावरून. हिशेब सोपा आहे. सप्तकाचे १२०० बारीक भाग कल्पा. युरोपीय बांधणीत बारा स्वरांना प्रत्येकी शंभर भाग वाटून दिले आहेत. असे का? तर कुठल्याही पट्टीला सा धरले तरी चालावे म्हणून. मुलाने पांढरी एकमध्ये गावे, मुलीने काळी चारमध्ये, पेटी तीच. मात्र तंबोऱ्याशी तंतोतंत जुळणारा शुद्ध गंधार ३८६ व्या भागावर येतो आणि पेटीचा येतो ४०० वर. चौदा भाग चढा! पंचमात फरक अवघा दोन भागांचा, तो कानाला जाणवत नाही. गंधाराचा जाणवतो. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पेटीत येत नाही.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याच्या साहाय्याने श्रुतींची मोजणी केली आणि १९१० साली ती ग्रंथरूपाने मांडली. देवल आणि क्लेमेंट्स नावाचे एक इंग्रज अधिकारी यांच्या खटपटीतून बावीस श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती ठेवली गेली, पण जाणकारांनी ती मानली नाही. पुढे १ मार्च १९४० पासून रेडिओने पेटी बंदच केली. रवींद्रनाथ ठाकूरही पेटीच्या विरुद्ध होते. स्वातंत्र्य आले तरी बंदी राहिली. १९७१ साली ती सैल झाली, आणि तीही आधी साथीपुरतीच.

गंमत अशी, की याच काळात मराठी माणसांनी पेटीला गाते केले. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हे भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसत, स्वतंत्र वादनही करीत. ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्याच. पुढे गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांनी गायकाच्या गळ्यामागून सावलीसारखी बोटे चालवली. पट्ट्या त्याच बारा होत्या. पण या मंडळींनी आधी गाणे कानात साठवले होते. कुठला स्वर निसटता लावायचा, कुठे भाता हलका करायचा, हे त्यांना कान सांगत असे.

म्हणजे बंदी घालणाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती, उपाय चुकीचा होता. वाडीतल्या पोराच्या हातून पेटी काढून घेतली, तर त्याच्या हाती राहते काय? सारंगिया त्याच्या गावी येणार नाही. तेव्हा पेटी असू द्या, पण शिकवण्याचा क्रम बदला.

गुरुजी, एवढे करून बघा. आधी तंबोरा लावा. तंबोरा नसला तर मोबाइलवरही त्याचा सूर मिळतो. मुलांना सा आणि पंचम गळ्याने लावू द्या आणि मगच पट्टी दाबून पडताळा पाहा. मग तंबोऱ्याच्या सुरात पेटीचा गंधार धरून ठेवा आणि मुलांना डोळे मिटून ऐकायला सांगा. दोन सुरांच्या घासण्यातून बारीक लहरी उठताना ऐकू येतील. आता पेटी थांबवून तोच गंधार मुलांना गाऊ द्या. लहरी विरल्या की गंधार जागेवर आला, असे त्यांना सांगा. रोज पाच मिनिटे पुरेत. येत्या गणपतीत पेटीमागे बसणारा मुलगा मग पट्टीकडे कमी पाहील आणि बुवांच्या गळ्याकडे अधिक कान देईल.