लोअर आर्म का तुटतो? सस्पेन्शनची ताकद अशी तपासतात

तार हाताने ओढून तुटत नाही, पण एकाच जागी उलटसुलट वाकवत राहिलं की तुटते. वर्गात आम्ही मुलांना हे करून दाखवतो. गाडीचा लोअर आर्म, स्टब अॅक्सल, पाटे बहुतेक वेळा असेच जातात. शेवटचा खड्डा फक्त निमित्त असतो. आधीचे लाखो लहान धक्के कुणी मोजलेले नसतात. याला धातूचा थकवा म्हणतात.

1842 मध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा अॅक्सल तुटून मोठा अपघात झाला. पुढे जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या अॅक्सलवर वर्षानुवर्षे चाचण्या घेतल्या आणि ताण किती, फेरे किती, याचा हिशेब मांडला. आजची तपासणीही त्याच पायावर उभी आहे.

आपल्या राज्यात पुण्याची एआरएआय ही संस्था (स्थापना 1966) वाहनांच्या चाचण्या घेते. अहिल्यानगरला डीआरडीओच्या व्हीआरडीईकडे चाचणीचा ट्रॅक आहे. पद्धत साधारण अशी: सुट्या भागावर स्ट्रेन गेज नावाची पातळ पट्टी चिकटवतात. भाग ताणला की पट्टीचा विद्युतरोध बदलतो. गाडी खराब रस्त्यावर पळवून ही नोंद घेतात. मग प्रयोगशाळेत हायड्रॉलिक यंत्र तेच धक्के रात्रंदिवस देत राहतं. निरुपद्रवी हलके धक्के गाळतात, त्यामुळे महिन्यांचं काम काही दिवसांत होतं. शेवटी भागात चुंबकत्व आणून लोखंडाची बारीक पूड टाकतात. तडा असेल तिथे पुडीची रेघ उमटते.

तडा सुरू होतो तो वेल्डिंगच्या कडेला, धारदार कोपऱ्यात किंवा गंजाच्या खड्ड्यात. वेल्डिंगच्या जोडावर ताण दुप्पट झाला, तर आयुष्य निम्मं होत नाही, ते साधारण आठव्या हिश्श्यावर येतं. लग्नाला सात जणांच्या गाडीत अकरा जण बसवताना हे कुणाच्या ध्यानात असतं?

आमच्या गाडीचा लोअर आर्म वाकला, तेव्हा धाराशिवच्या एका उस्तादांनी तो गॅसने तापवून सरळ करून दिला. पैसे वाचले म्हणून आम्हीही खूश. चार महिन्यांनी येरमाळ्याच्या अलीकडे चाक आत वळून बसलं. गाडीत अम्मी आणि मुलं होती. वेग कमी होता, अल्लाहचे आभार. तापवल्याने पोलादाला कारखान्यात दिलेलं कडकपण निघून जातं. आर्म सरळ दिसतो, पण तो पहिला राहत नाही. वेल्डिंग केलेल्याचंही तेच. नवा आर्म टाकायला सांगणारा उस्ताद महाग वाटतो, आम्हालाही वाटला होता.

आपली बरीच पोरं गॅरेजच्या धंद्यात आहेत. बुश किंवा बॉल जॉइंट बदलताना आर्म पुसून बॅटरीच्या उजेडात वेल्डिंगच्या कडा बघायला दोन मिनिटं लागतात. गंजाची लालसर रेघ दिसली तर तो भाग परत चढवू नये.