अपबीट चाचणी

अपबीट चाचणी : स्थूल गरोदर स्त्रियांचा आहार आणि शारीरिक हालचाल बदलून गरोदरपणातील मधुमेह व बाळाचे जादा वजन टाळता येते का, हे तपासणारी ब्रिटनमधील यादृच्छिक नियंत्रित चाचणी. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील ल्युसिला पोस्टन यांच्या नेतृत्वाखाली ती झाली. निष्कर्ष २०१५ मध्ये ‘द लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रायनॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) ३० किंवा त्याहून अधिक असलेल्या गरोदर स्त्रीला मधुमेह, वाढता रक्तदाब आणि सिझेरियन यांचा धोका अधिक असतो; मृतजन्माचाही. तपासणीला आलेल्या अशा स्त्रीला बहुतेक वेळा ‘वजन सांभाळा’ एवढेच ऐकायला मिळते, तेही पुष्कळदा दोष दिल्याच्या सुरात. या सल्ल्याचा उपयोग किती, हे मोठ्या संख्येवर आणि काटेकोरपणे फारसे कोणी तपासले नव्हते. अपबीटचे महत्त्व त्यामुळे आहे.

लंडन, ब्रॅडफर्ड, ग्लासगो, मँचेस्टर, न्यूकॅसल व संडरलँड या शहरांतील रुग्णालयांमधून २००९ ते २०१४ या काळात १,५५५ स्त्रिया सहभागी झाल्या. पंधराव्या ते अठराव्या आठवड्यात त्यांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला नेहमीची प्रसूतिपूर्व सेवा मिळाली. दुसऱ्या गटाला तिच्या जोडीला प्रशिक्षित आरोग्य मार्गदर्शकांची आठवड्याला एक अशी आठ सत्रे मिळाली. उपाशी राहण्याचा किंवा कॅलरी मोजण्याचा आग्रह त्यांत नव्हता. रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ आणि गोड पेये कमी करून त्यांच्या जागी सावकाश पचणारे पदार्थ घ्यायचे, संपृक्त चरबी कमी करायची आणि रोजचे चालणे वाढवायचे, असा तो कार्यक्रम होता. पावले मोजणारे यंत्र, पुस्तिका आणि व्यायामाची डीव्हीडी सोबत दिली होती. प्रत्येक स्त्री आपले छोटे उद्दिष्ट स्वतः ठरवी.

अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास ग्लुकोज देऊन तपासणी केली, तेव्हा मार्गदर्शन मिळालेल्या गटात २५ टक्के, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात २६ टक्के स्त्रियांना मधुमेह आढळला. अपेक्षेपेक्षा मोठी बाळे अनुक्रमे ९ व ८ टक्के होती. मुख्य प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, आणि संशोधकांनी ते आडपडदा न ठेवता मांडले. मात्र स्त्रियांनी बदल केलाच नाही, असे झाले नव्हते. त्यांचा आहार सुधारला, गरोदरपणातील वजनवाढ सरासरी सुमारे अर्धा किलोने कमी झाली, त्वचेखालील चरबीही घटली. सहा महिन्यांच्या बाळांतही त्वचेखालील चरबी थोडी कमी आढळली.

मग मधुमेह का टळला नाही? बदल लहान होता, हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे वाटते : सोळाव्या आठवड्यापर्यंत वार तयार झालेली असते आणि इन्शुलिनला होणारा प्रतिरोध अनेकींत गरोदरपणाच्या आधीपासूनच असतो. म्हणजे मदत उशिरा पोहोचते. त्याचे खापर त्या स्त्रीच्या निग्रहावर फोडणे अन्यायाचे आहे.

इतर चाचण्यांचे चित्रही याला जुळते. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या ‘लिमिट’ चाचणीत (२०१४) २,२१२ स्त्रियांपैकी सल्ला मिळालेल्यांत चार किलोंहून जड बाळे कमी जन्मली. पण वयोमानापेक्षा मोठ्या बाळांच्या प्रमाणात ठोस फरक पडला नाही. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाच्या, एडिंबरामधून चालवलेल्या चाचणीतही बाळाचे वजन बदलले नाही. ३६ चाचण्यांतील १२,५२६ स्त्रियांची माहिती २०१७ मध्ये एकत्र तपासली गेली, तेव्हा वजनवाढ सरासरी ०.७ किलोने आणि सिझेरियनचे प्रमाणही काहीसे कमी झालेले दिसले. हा लाभ छोटा, पण खरा आहे.

भारतात हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. इथे स्थूलतेची मर्यादा बीएमआय २५ मानली जाते. शिवाय पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून ग्रामीण मातांचा जो अभ्यास केला, त्यात बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच हलकी असूनही त्यांच्या अंगावर चरबी तुलनेने टिकून होती. बाळाचे जादा वजन हीच कसोटी ठेवली, तर आपल्याकडचा धोका नजरेतून निसटेल.

गर्भधारणेच्या आधीपासूनच स्त्रियांना साथ दिल्यास फरक पडतो का, हे तपासणारा ‘हेल्टी’ हा संशोधन उपक्रम भारत, दक्षिण आफ्रिका, चीन व कॅनडा या चार देशांत हाती घेण्यात आला असून भारतातील केंद्र मैसुरू येथे आहे.