कंपायलर वरणगावात बांधला

खानदेशात ‘सी’ भाषा आली ती टर्बो सीच्या निळ्या पडद्यातून. 1983 साली फैजपूर आणि बांभोरीला अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली, 1990 मध्ये जळगावला विद्यापीठ झालं, आणि पुढे आमच्यासारख्या वरणगाव-भुसावळच्या पोरी एसटीने प्रॅक्टिकलला जाऊ लागल्या. टर्बो सी हा कंपायलर तेव्हा फ्लॉपीवर तयार मिळायचा. कंट्रोल आणि एफ-9 दाबलं की प्रोग्राम चालायचा. 32767 मध्ये एक मिळवला की उत्तर यायचं उणे 32768. ‘इंटिजर तेवढाच असतो,’ असं उत्तर मिळायचं आणि आम्ही ते जर्नलमध्ये लिहून मोकळ्या व्हायचो. ती मर्यादा त्या 16-बिट कंपायलरची होती. भाषेने कुठेही तेवढाच आकडा ठरवून दिलेला नव्हता. पण कंपायलर उघडून बघायची सोयच नसेल, तर हे कळणार कुठून?

मला तेव्हापासून वाटत आलंय की भाषा वापरता येणं वेगळं आणि आपल्या यंत्रावर ती सोर्सपासून उभी करता येणं वेगळं. दुसरी गोष्ट आपल्याकडे फार उशिरा, फार थोड्यांच्या हाती आली.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिफरॅक हा संगणक बांधून 1960 मध्ये चालू केला. नेहरूंनी त्याचं नामकरण केलं 1962 मध्ये. स्मृती 2048 शब्दांची, एकेक शब्द 40 बिटांचा. यंत्र इथेच बांधलेलं, त्यामुळे त्याची प्रत्येक आज्ञा बांधणाऱ्यांना माहीत. मग 1964 मध्ये तिथे सीडीसी 3600 आला आणि त्याच्याबरोबर फोरट्रान. पुढे तिथेच डेक-10 आला. पवईच्या आयआयटीत आधी रशियन मिन्स्क-2 होता, नंतर ईसी-1030.

फोरट्रान नावाला एकच, पण सीडीसीचा शब्द 48 बिटांचा, डेक-10 चा 36, ईसी-1030 चा 32. रोमन लिपीत वरणगावची नऊ अक्षरं होतात. सीडीसीच्या एका शब्दात आठ अक्षरं मावत, डेक-10 च्या शब्दात पाच, ईसीच्या शब्दात चार. म्हणजे आमच्या गावाचं नाव एका यंत्रावर दोन शब्दांत बसायचं आणि दुसऱ्यावर तीन शब्दांत. नावांच्या याद्या करणारा प्रोग्राम एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायचा तर असे सगळे हिशेब पुन्हा मांडायचे. आणि खुद्द कंपायलर? तो यंत्र विकणाऱ्याने दिला तर मिळायचा.

ही गाठ सुटली ती अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये. 1973 मध्ये युनिक्स सी भाषेत पुन्हा लिहिली गेली. 1977 मध्ये स्टीव्ह जॉन्सन आणि डेनिस रिची यांनी ती इंटरडेटा 8/32 या अगदी निराळ्या यंत्रावर न्यायचं काम हाती घेतलं, आणि त्यासाठी जॉन्सनने कंपायलरच असा लिहिला की यंत्रापुरता भाग वेगळा काढून बदलता यावा. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्याच स्टुअर्ट फेल्डमनने ‘मेक’ लिहिला होता. 1987 मध्ये रिचर्ड स्टॉलमनने जीसीसी हा कंपायलर सोर्ससकट सगळ्यांना खुला केला. 1991 मध्ये डेव्हिड मॅकेन्झीचं ऑटोकॉन्फ आलं. त्यातून तयार होणारी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट मला आजही थक्क करते. तुमची सिस्टिम कुठल्या कंपनीची, यावर ती फारशी विसंबत नाही. चार ओळींचा प्रोग्राम लिहिते, तो कंपाइल करून बघते, झाला तर ‘येस’, नाही तर ‘नो’. इंटिजर किती बाइटचा, अमुक फंक्शन आहे का, असे शेकडो प्रश्न ती यंत्रालाच विचारते.

आमच्या घरी हे पोचलं ते सीडीवरून. पीसीक्वेस्ट मासिकाने 1996 मध्ये लिनक्सची सीडी अंकाबरोबर दिली. काही वर्षांनी जीसीसीचा सोर्सही सीडीवर हाती आला आणि मी तो घरच्या जुन्या पीसीवर बांधायला घेतला. आमचे आप्पा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर. फॅक्टरी 1964 ची, बंदुकीच्या काडतुसांची. ते ड्यूटीवरून आले की खुर्ची ओढून बसायचे आणि पडद्यावरून सरकणाऱ्या ओळी बघायचे.

भुसावळच्या रस्त्याला दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या लागतात, पण गावात लोडशेडिंग होतंच. बिल्ड तासन्‌तास चालायचा आणि मध्येच लाइट जायची. मेकचा गुण असा की तो फाइलींच्या वेळा ताडून बघतो: सोर्स फाइलपेक्षा तिची ऑब्जेक्ट फाइल नवी असेल, तर ती पुन्हा करत नाही. त्यामुळे लाइट आली की काम राहिलं होतं तिथून पुढे चालू. घोटाळा व्हायचा तो एकाच फाइलीत. लाइट जाताना जी लिहिली जात होती ती अर्धवट राहायची, पण तिच्यावरची वेळ नवी असायची. मेक तिला झालेली समजायचा आणि पार शेवटी, लिंक करताना, सगळं अडायचं. मग शेवटच्या वेळेची ऑब्जेक्ट फाइल हुडकून ती पुसायची. त्यात मदरबोर्डचा सेल संपलेला. लाइट आली की पीसीची तारीख कित्येक वर्षं मागे, आणि मेकची तक्रार सुरू, की फाइलींच्या वेळा भविष्यातल्या आहेत. आधी तारीख दुरुस्त करायची, मग मेक, हा क्रम मी तेव्हा शिकले.

आप्पांनी एकदा विचारलं, “हा कंपायलर कशात लिहिलाय?” म्हटलं, सीमध्येच. “मग पहिला कशानं केला?”

हा प्रश्न जुना आहे. एमआयटीत टिमथी हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी 1962 मध्ये लिस्पचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला. आधीपासून चालणाऱ्या इंटरप्रिटरवर तो चालवला आणि त्याच्याकडून त्याचंच भाषांतर करून घेतलं. आप्पांना मी विरजणाचं सांगितलं: आजच्या दह्याला कालचं दही लागतं. जीसीसी तर हे तीनदा करतो. जुना कंपायलर पहिला जीसीसी बांधतो, पहिला दुसरा बांधतो, दुसरा तिसरा. मग दुसऱ्या-तिसऱ्याच्या ऑब्जेक्ट फाइली ताडून बघितल्या जातात. फरक निघाला तर काम तिथेच थांबतं. केन थॉम्पसनने 1984 मध्ये छापलेल्या ट्युरिंग व्याख्यानात यातला धोका दाखवला. मूळ कंपायलरमध्ये कुणी खोडी करून ठेवली असेल, तर ती सोर्समध्ये कुठेही न दिसता पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते. म्हणून ‘तयार मिळतंय तर बांधायचं कशाला’ हा प्रश्न मला पटत नाही.

सिस्टिम बदलली की अडचणीही बदलतात. विंडोजवर सेव्ह केलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट लिनक्सवर आणली की प्रत्येक ओळीच्या शेवटचं एक न दिसणारं चिन्ह तिला चालू देत नाही. पायथन मॅकवर सोर्समधून बांधा, तयार होणाऱ्या फाइलीला चक्क ‘डॉट ईएक्सई’ हे विंडोजचं शेपूट असतं. कारण सोर्समध्ये ‘पायथन’ नावाचं फोल्डर मोठ्या ‘पी’ने आहे आणि मॅकची फाइल सिस्टिम सहसा मोठ्या-लहान अक्षरांत भेद करत नाही. फोल्डर आणि फाइल एका नावाने एकत्र नांदू शकत नाहीत, म्हणून फाइलीला शेपूट.

महाराष्ट्रात हे काम कॉलेजच्या शिक्षकांपर्यंत नेलं ते आयआयटी मुंबईतल्या जीसीसी रिसोर्स सेंटरने. धनंजय ढमढेरे यांनी तिथे कंपायलरच्या अभ्यासाची परंपरा घालून दिली. त्यांचे विद्यार्थी उदय खेडकर यांनी हे केंद्र चालवलं, जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या. तिथे प्रात्यक्षिकाची सुरुवातच कॉन्फिगर आणि मेकने. बिल्ड, होस्ट, टार्गेट हे तीन शब्द नीट सुटे करून शिकवायचे: कंपायलर कुठे बांधला, कुठे चालणार, कोणत्या यंत्रासाठी कोड काढणार. मग ‘स्पिम’ हे छोटं यंत्र जीसीसीला टप्प्याटप्प्याने शिकवायचं, आधी अगदी रिकामं वर्णन, मग एकेक आज्ञा. जीसीसीचा सोर्स लाखो ओळींचा; त्यात शिरायची वाट त्यांनी कागदावर मांडून दिली, आणि व्याख्यानांचं साहित्य खुलं ठेवलं. या कामाला मी फार मोठं मानते.

मी आता जिल्ह्यातल्याच एका लॅबमध्ये असते. पोरं टर्बो सी डॉसबॉक्समध्ये चालवताना दिसली की जीव तुटतो. म्हणून त्यांना मी जुन्या पीसीवर आजचा जीसीसी चढवायला लावते. तो थेट चढत नाही. नुसत्या सी कंपायलरवर बांधता येणारी शेवटची मालिका 4.7 ची. 4.8 पासून सी++ चा कंपायलर हाताशी लागतो, आणि 11 ला सी++ 11 समजणारा, म्हणजे जीसीसीच वापरायचा तर निदान 4.8. तेव्हा आधी 4.7, त्याच्यावर 10, त्याच्यावर पुढचा. सगळे टारबॉल लॅबच्या सर्व्हरवर ठेवलेत, चेकसमसकट.