समुद्रतळावरची राख

कोळसा जळला की राख उरते. वाफेच्या जहाजांवर ती साठवायला जागा नसे. म्हणून भट्टी साफ केली, की राख आणि क्लिंकर (राख वितळून थिजलेली कडक ढेकळे) सरळ समुद्रात टाकत. १८३० साली ‘ह्यू लिंडसे’ हे वाफेचे जहाज मुंबईहून सुएझला गेले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि अशा जहाजांची वर्दळ वाढली. पाण्यावर जहाजाची वाट उरत नाही. तळावर मात्र ढेकळांच्या रूपाने ती उमटत गेली.

त्या तळाविषयी तेव्हा समजूत काय होती? १८४३ मध्ये एडवर्ड फोर्ब्ज यांनी एजियन समुद्रातल्या निरीक्षणांवरून अंदाज बांधला, की सुमारे ५५० मीटरांखाली सजीव नसावेत. १८६० साली भूमध्य समुद्रातून तारायंत्राची बिघडलेली तार वर काढली. सुमारे २००० मीटर खोलीवरच्या त्या तारेला प्रवाळ चिकटून वाढले होते! पुढे ‘चॅलेंजर’ मोहिमेला (१८७२–७६) ५००० मीटरांखालीही प्राणी सापडले.

तारेचीच गोष्ट क्लिंकरची. खोल तळ बहुतेक ठिकाणी मऊ गाळाचा असतो. चिकटून राहणाऱ्या प्राण्यांना कठीण आधार हवा. क्लिंकरवर समुद्रफुले बसलेली संशोधकांना आढळली आहेत. मग हा कचरा उपकारकच म्हणायचा का? आपण जरा थांबून विचार करू. गाळात राहणाऱ्यांच्या वस्तीत कठीण आधारावरचे प्राणी आले, म्हणजे तिथली मूळ घडणच बदलली.

प्लॅस्टिकची गोष्ट याहून गंभीर आहे. ते आधार होते, तसे पोटातही जाते. मारियाना गर्तेत १०,८९८ मीटर खोलीवर १९९८ साली प्लॅस्टिकची पिशवी दिसली. त्याच गर्तेतल्या कोळंबीसारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या पचनमार्गात प्लॅस्टिकसदृश तंतू मिळाला. म्हणून २०२० मध्ये त्या जातीला ‘युरिथेनिस प्लॅस्टिकस’ हे नाव देण्यात आले. तिथे सूर्यप्रकाश नाही आणि पाणी अतिशय थंड, त्यामुळे प्लॅस्टिकचे तुकडे होणेही फार संथ.

जहाजांवरून प्लॅस्टिक टाकण्यास १९८८ अखेरपासून आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आहे. पण समुद्रातले बरेचसे प्लॅस्टिक जमिनीवरून, नद्या-नाल्यांतून येते. विसाव्या शतकात तेलावरची जहाजे आली आणि क्लिंकर पडणे थांबले. ती ढेकळे मात्र अजून तिथेच आहेत. टाकणे थांबवता येते. टाकलेले परत आणणे आपल्या हाती फारसे नाही.