कापसाच्या अस्वलाची मालकी

मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा, हे चित्र आम्हां वकिलांस नित्याचे आहे. परंतु अशा वादाचा विषय एखादे भरीव, जुनाट, खेळण्यातले अस्वल व्हावे, ही गोष्ट विरळाच.

१९२१ साली लंडनच्या हॅरॉड्स दुकानातून ए. ए. मिल्न यांच्या घरी असे एक अस्वल आले. ते ख्रिस्तोफर रॉबिन या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाची भेट होते. पुढे त्याच्या सोबतीस गाढव, डुक्कर, वाघ, कांगारू आले. पित्याने या खेळण्यांच्याच गोष्टी रचल्या, अर्नेस्ट शेपर्ड यांनी चित्रे काढली आणि १९२६ साली 'विनी-द-पू' जन्मास आले. गाढव आणि डुक्कर चित्रांत उतरले ते त्याच घरातले. अस्वलाचा नमुना मात्र शेपर्ड यांच्या स्वतःच्या मुलाचे खेळणे होते. ही खेळणी १९४७ साली अमेरिकेस गेली आणि १९८७ साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आली. १९९८ साली ब्रिटिश खासदार ग्विनेथ डनवुडी यांनी ती परत मागितली. खेळणी मात्र जागची हलली नाहीत.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून ज्यांच्या घरी सीमेची चर्चा चालत आली आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याकडे जे डोळे लावून बसले, त्या बेळगाव-निपाणीकरांस ही हकीकत परकी वाटू नये. अस्वल कोणत्या देशाचे, हा मोठ्यांचा प्रश्न. ज्याने ते उराशी धरून झोप घेतली, त्या मुलाची मालकी कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही. ती नोंद चित्रपुस्तकाने केली. अशा पुस्तकांचे थोरपण मला यातच दिसते.

आमच्याकडे पूर्वी गोकाकची आणि सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी असत. मऊ खेळणे म्हणजे आजीने जुन्या लुगड्याच्या चिंध्या भरून शिवलेली बाहुली. तिची गोष्ट अंथरुणावर तोंडीच सांगितली जाई. १९०६ साली वा. गो. आपटे यांनी 'आनंद' मासिक काढले, ते वाचू लागलेल्या मुलांसाठी. अक्षरओळख नसलेल्या, मांडीवरच्या मुलाचे चित्रपुस्तक ही निराळी वस्तू. अलीकडे माधुरी पुरंदरे यांनी स्वतः लिहून, स्वतः चित्रे काढून मराठी घर आणि त्यातले मूल अशा पुस्तकांत आणले, हे मोठे काम होय.

सीमाभागात त्याचे मोल अधिक आहे. येथले मूल घरात ज्याला 'अस्वल' म्हणते, त्यालाच शेजाऱ्याच्या अंगणात 'करडी' म्हणते, आणि खेळणे दोन्ही हाकांस ओ देते. शाळेत भाषेचा प्रश्न उभा राहण्यापूर्वीची ही तीन-चार वर्षे मुलाच्या स्वतःच्या हक्काची असतात. त्या वर्षांत त्याच्या हाती मराठी चित्रपुस्तक पडले, तर ती भाषा त्यास वादाचा विषय म्हणून नव्हे, तर आपल्या बाहुलीची बोली म्हणून भेटेल.

असे पुस्तक येथे कोणी करावयास घेईल, तर त्याने आधी एखाद्या घरातली खरी, डोळा निखळलेली बाहुली मागून आणावी. मात्र ती परत देण्याची तारीख मुलास आधी सांगावी.