वनस्पती तेलांपासून जैवविघटनशील वंगण : शेतातील राखेचा नवा उपयोग

यंत्रांना घातलेले सर्वच वंगण परत गोळा करता येत नाही. लाकूड कापणाऱ्या साखळी-करवतीतून, रेल्वेच्या वळणांवरील रुळांवरून आणि जहाजाच्या पंख्याच्या दांड्यापाशी त्याचा काही अंश थेट माती-पाण्यात मिसळतो. खनिज तेलाचे वंगण तेथे दीर्घकाळ टिकून राहते. म्हणूनच अमेरिकेने २०१३ च्या जहाजविषयक परवान्यात, तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तेथे, पाण्याशी संपर्क येणाऱ्या भागांसाठी पर्यावरणास मानवणारे वंगण वापरण्याची अट घातली. प्रचलित आंतरराष्ट्रीय चाचणीनुसार, २८ दिवसांत सूक्ष्मजीवांनी किमान ६० टक्के विघटन केल्यास पदार्थ ‘सहज जैवविघटनशील’ मानला जातो.

वनस्पती तेले या कसोटीला साधारणतः उतरतात. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या इंजिनांत एरंडेल तेल वापरले जात असे. आज एरंडीच्या उत्पादनात भारत जगात अग्रस्थानी असून त्यात गुजरातचा वाटा सर्वाधिक आहे. मात्र बहुतेक तेले आहेत त्या स्वरूपात तापलेल्या यंत्रात टिकत नाहीत. तेलाच्या रेणूतील ग्लिसरॉलचा सांगाडा अधिक उष्णतेत तुटतो, तर मेदाम्लांतील दुहेरी बंधांशी ऑक्सिजनचा संयोग होऊन तेल दाट व आम्लयुक्त होते.

यावरील उपाय म्हणजे सांगाडाच बदलणे. प्रथम तेलाची मिथेनॉलशी अभिक्रिया करून मिथिल ईस्टर तयार केले जातात. जैवडिझेलही याच पद्धतीने बनते. नंतर या ईस्टरची ट्रायमिथिलॉलप्रोपेन या अल्कोहोलशी अभिक्रिया घडवून उष्णतेत अधिक टिकणारे वंगणतेल मिळवले जाते.

दोन्ही टप्प्यांत अल्कधर्मी उत्प्रेरक लागतो. सोडियम किंवा पोटॅशियमची नेहमीची संयुगे मिश्रणात विरघळतात, आम्लयुक्त तेलात साबण तयार करतात आणि धुलाईमुळे सांडपाणी वाढवतात. शेतातील अवशेषांपासून बनवलेला घन उत्प्रेरक मात्र गाळून वेगळा करता येतो. केळीच्या सालीची व खोडाची राख पोटॅशियमने समृद्ध असते. आसाममध्ये या राखेतून काढलेला ‘कोलाखार’ स्वयंपाकात पूर्वापार वापरला जातो. गुवाहाटी विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये केळीच्या खोडाच्या राखेचा उत्प्रेरक वापरून पिवळ्या कण्हेरीच्या बियांच्या तेलापासून जैवडिझेल बनवल्याचे प्रसिद्ध केले. भाताच्या तुसाच्या राखेत मुख्यतः सिलिका असल्याने ती उत्प्रेरकाला आधार म्हणून उपयोगी पडते. उसाच्या चिपाडाचा कोळसा गंधकाम्लाने संस्कारित केल्यास आम्लधर्मी उत्प्रेरक मिळतो. करंजासारख्या आम्लयुक्त अखाद्य तेलांवर पूर्वप्रक्रियेसाठी तो उपयुक्त ठरतो. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीतून भागवणाऱ्या भारतासाठी अखाद्य तेलांचा हा मार्ग महत्त्वाचा आहे.

तरीही काही अडचणी कायम आहेत. पुनर्वापरात राखेतील पोटॅशियम हळूहळू मिश्रणात विरघळते व उत्प्रेरकाची क्षमता घटते. जमीन, पिकाचे वाण आणि जाळण्याचे तापमान यांनुसार राखेचे घटकही बदलतात. त्यामुळे कारखान्यात एकसारखा दर्जा राखणे कठीण जाते. सांगाडा बदलला तरी मेदाम्लांतील दुहेरी बंध शिल्लक राहतात, म्हणून ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये मिसळावी लागतात. शिवाय ट्रायमिथिलॉलप्रोपेन आजही प्रामुख्याने पेट्रोरसायनांपासून तयार होते. त्यामुळे असे वंगण जैवविघटनशील असले, तरी ते संपूर्णपणे वनस्पतिजन्य असतेच असे नाही.